सेकंडहॅण्ड धनुष्य तुटलं, विकणारा म्हणतो रिटर्न नाही, आता काय करायचं?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो त्याहून जास्त वेळा बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. हे नागपूरच्या मानेवाड्यात राहतात, यांनी ऑनलाइन जाहिरात बघून पुण्याच्या एका माणसाकडून 18,000 रुपयांत ओढायला 45 पाउंड जोर लागणारा जुना ट्रॅडिशनल हॉर्सबो, म्हणजे घोडेस्वारांचं धनुष्य, घेतला, दहाव्या दिवशी गच्चीवर ओढताना वरचा लिम्ब, म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात, तुटला आणि तुकडा बाजूला उभ्या असलेल्या भाच्याच्या गालाला लागला, चार टाके पडले. विकणारा म्हणतो जसं आहे तसं दिलं होतं, शेजारी म्हणतो पोलिसांत जातो, आणि यांचा विचार असा की लिम्ब चिकटवून घ्यावा आणि दहा हजारांत कुणाला तरी देऊन टाकावं.

शेवटच्यापासून सुरुवात करतो. तसं अजिबात करू नका. तुटलेल्या जागेचा तुमचा जवळून काढलेला फोटो बघा, अर्धा भाग ताजा पांढरा फाटलाय आणि अर्धा पिवळट आहे, त्यात जुना गोंद वाळलेला दिसतो आणि वरून काळा धागा गुंडाळलाय. म्हणजे चीर तुमच्याकडे यायच्या आधीची आहे, कुणीतरी ती एपॉक्सी गोंदाने भरली आणि धाग्याखाली झाकली. तुमची अख्खी केस त्या पिवळट पट्ट्यात आहे आणि तुम्ही तोच परत गोंद लावून बुजवायला निघालात! दुसरं म्हणजे आता दुरुस्ती तुम्हाला माहीत आहे, न सांगता विकलंत तर पुण्यातल्या माणसाने तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही पुढच्याशी करणार, आणि तेव्हा तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही.

आता पैशांचं. आपल्या 1872 च्या करार कायद्यात कलम 17 आहे, फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगणारं. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि पटावं म्हणून घोड्याचं उदाहरण दिलंय. घोडा विकणाऱ्याला माहीत आहे की घोड्यात खोट आहे, तो बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन, आणि तरी तो गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच धरतात. आता तुमचं चॅट काढा. तुम्ही लिहिलंय, "क्रॅक किंवा रिपेअर असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर नाही असं समजून पैसे टाकतो." त्याने उत्तरात फक्त कुरिअरचा खर्च सांगितला. दीडशे वर्षांपूर्वीचा तो घोडा तुमच्या फोनमध्ये उभा आहे, ते चॅट डिलीट होऊ देऊ नका.

तो उद्या म्हणेल की नीट बघितलं असतं तर कळलं असतं, कलम 19 मध्ये तशी पळवाट आहेही. पण ती चुकीच्या माहितीला आणि गप्प बसण्याला लागू आहे, मुद्दाम झाकण्याला नाही. फक्त धागा त्यानेच किंवा त्याला माहीत असताना गुंडाळला हे दाखवावं लागेल, कारण ट्रॅडिशनल धनुष्यांना शोभेसाठीही धागा असतो, त्यामुळे एवढ्यावर कोर्ट मानणार नाही. एखाद्या जाणत्या धनुष्य बनवणाऱ्याकडून तुकडे तपासून लेखी मत घ्या. आणि मला खरं सांगा, मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवलं होतं का, किंवा बाण न लावता दोरी ओढून सोडली होती का? नागपूरच्या उन्हात गाडीत गोंद सैल पडतो आणि रिकामी दोरी सोडली तर चांगला लिम्बही तडकतो, समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

कुठे जायचं हे विकणारा कोण आहे त्यावर ठरतं. त्याच्या प्रोफाइलवर अजून सहा-सात धनुष्यं विक्रीला आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्याचे स्क्रीनशॉट आजच घ्या. तो धंदा म्हणून विकत असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पुण्याला खेटे घालायची गरज नाही, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. घरचं एकच धनुष्य विकणारा हौशी माणूस निघाला तर दिवाणी कोर्ट, आणि 18,000 साठी तो खर्च मला तरी पटत नाही, त्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीत प्रयत्न करू. चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते मी बघतो.

शेजाऱ्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. धनुष्याला बंदुकीसारखं लायसन्स लागत नाही हे खरं, पण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश लागू असला की इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू रस्त्याने उघडी घेऊन फिरलात तर अडचण होते, म्हणून बॅगेत, दोरी उतरवून न्या. आणि गच्ची बंद, आजपासून. निष्काळजीपणाने कुणाला दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे आणि लागलेलं पोर आपल्याच घरचं आहे म्हणून ते कलम बाजूला होत नाही. बहिणीशी आणि शेजाऱ्याशी स्वतः जाऊन बोला, नोटिशीने नाही.

देवलापारकडे मित्राच्या शेतावर सराव करणार म्हणता, तिथे एक गोष्ट बघा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलाय आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. पेंच व्याघ्र प्रकल्प तिथे लागून आहे. शेत हद्दीबाहेर आहे का, जायची वाट कुठून आहे, हे वनरक्षकाला आधी विचारून घ्या, गाडीत नवीन धनुष्य सापडल्यावर नाही.

सध्या एवढं करा: तुकडे धाग्यासकट एका खोक्यात ठेवा, त्यांना कुणालाही हात लावू देऊ नका, भाच्याच्या दवाखान्याची बिलं आणि पैसे पाठवल्याची पावती काढून ठेवा आणि सगळं घेऊन या. पैसे परत आणि दवाखान्याचा खर्च, पंधरा दिवसांची मुदत, अशी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवू. तोवर त्या माणसाचा फोन आला तर फोनवर काही ठरवू नका, जे काय असेल ते चॅटवर लिहा म्हणा.