पहिल्यांदा अळी खाल्ली तेव्हा

(वाचकांच्या टीव्हीविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात नाशिकमध्ये वीस वर्षं केबलचा धंदा केलेले आमचे जुने मित्र.)

प्रश्न : २००९-१० च्या सुमारास मी आणि माझा मुलगा रात्रीची जेवणं उरकून डिस्कव्हरीवर 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' हा जंगलात एकट्यानं जगून दाखवण्याचा कार्यक्रम बघायला बसायचो. बेअर ग्रिल्सनं कड्यावरून नदीत उडी मारली की पोरगं माझा दंड घट्ट धरायचं. आता तो नोकरीला लागला आहे. परवा सहज जुना एपिसोड लावला, तर पाच मिनिटांत तो मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेला. खरं सांगायचं तर मलाही जांभया येत होत्या. हे कार्यक्रम मुळातच शिळे होणारे असतात, की आमचंच वय झालं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी कंट्रोल रूम आठवली. सिडकोतल्या एका गच्चीवर पत्र्याची खोली, बाहेर तीन डिश, आत मशिनांची चळत आणि त्या उकाड्यात बनियनवर बसलेला मी. लोकांना काय आवडतं हे केबलवाल्याला फोनवरून कळतं. चॅनल गेलं आणि फोन वाजला नाही, म्हणजे ते चॅनल कुणी बघत नाही, इतका सोपा हिशेब. डिस्कव्हरी भारतात १९९५ साली आलं, आणि माझ्याकडे ते कित्येक वर्षं बिनफोनाचं चॅनल होतं. एका पावसाळ्यात त्याच्यावर दीड दिवस नुसत्या मुंग्या होत्या, एका माणसानं विचारलं नाही. मग हा ग्रिल्स हिंदी बोलत आला आणि सगळं फिरलं. ऐन त्या वेळेला लाइनमधला अॅम्प्लिफायर बसला की पोरांचे फोन सुरू. 'काका, तो वाळवंटात अडकलाय, लवकर करा ना!' आवाजात अशी काकुळती, की मी शिडी लावायला उशीर केला तर तो माणूस खरोखर तहानेनं जाईल.

ते फोन कमी कधी झाले, हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते २०१३ मध्ये, नाशकात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा. वसुलीला गेलो की मी विचारायचो, पॅकेजमध्ये डिस्कव्हरी घालू का? ज्या घरांतून फोन यायचे, तिथलेच लोक म्हणाले, 'राहू द्या, तेच तेच असतं.'

तर शिळे होतात, हे खरं. पण का होतात यावर माझं आणि बऱ्याच लोकांचं जुळत नाही. लोक म्हणतात, बिंग फुटलं म्हणून. बिंग फुटलं होतंच. २००७ मध्ये बाहेर आलं, की जंगलात झोपतो म्हणून सांगणारा हा गडी काही रात्री हॉटेलात काढत होता, आणि एका भागातले 'रानटी' घोडे भाड्यानं आणलेले पाळीव होते. त्यानंतर कार्यक्रमात सूचना यायला लागली, की काही प्रसंग दाखवण्यासाठी घडवून आणलेले आहेत. आता बघा, ही भानगड २००७ ची, आणि माझ्याकडे फोनांचा पाऊस पडला तो त्यानंतर. तमाशातली मावशी पुरुष असते हे पहिल्या रांगेतल्याला दिसतंच, म्हणून कुणी उठून जातं का? खोटेपणानं माणूस उठत नाही. पुढे काय होणार हे कळायला लागलं की उठतो.

आणि इथे ते फार लवकर कळतं. हेलिकॉप्टरमधून उडी. मग एक कडा. मग काहीतरी किळसवाणं खाणं, पाणी, शेकोटी, रात्र, सकाळी कुठेतरी रस्ता किंवा होडी. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरी पाटी. मागच्या भागातली भूक या भागात नाही, मागच्या वेळी मुरगळलेला पाय या वेळी ठणठणीत. पहिल्यांदा त्यानं अळी खाल्ली तेव्हा आमच्या हिनं पदर तोंडाला लावला होता. दहाव्यांदा खाल्ली तेव्हा ती म्हणाली, 'जरा सरका, पोळ्यांचा डबा घेऊ द्या.'

मग मात्रा वाढवावी लागते. अळी झाली, स्वतःची लघवी झाली (तिनं तहान भागत नाही, मीठ पोटात जाऊन उलट वाढते, हे लिहून ठेवतो, कारण आमच्या गल्लीतल्या एका पोरानं विचारलं होतं), सहारात मेलेला उंट फाडून झाला. एकटा पुरेना म्हणून २०१० मध्ये 'ड्युअल सर्व्हायव्हल'मध्ये दोघं आले. २०१३ मध्ये एक बाई आणि एक पुरुष, अंगावर चिंधी नाही, असे २१ दिवस. शेवटी पाहुणे. १२ ऑगस्ट २०१९ ला कॉर्बेटच्या जंगलात ग्रिल्सबरोबर पंतप्रधान मोदी दिसले, पुढच्या वर्षी बंदीपूरमध्ये रजनीकांत. ते भाग अख्ख्या देशानं बघितले, मीही बघितले. पण पाहुणा आला की घरचा स्वयंपाक बदलतो. आपण पाहुण्याचं ऐकत बसलो आणि जंगल मागच्या पडद्यावर गेलं.

त्याच सुमाराचा दुसरा एक माणूस मात्र माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. लेस स्ट्राउड, कॅनडाचा. 'सर्व्हायव्हरमॅन' २००४ मध्ये सुरू झाला. हा सात दिवस खरोखर एकटा राहायचा, शूटिंगवाली मंडळी बरोबर नाहीत. म्हणजे कसं, तर बर्फातून चालत लांब जातानाचं दृश्य हवं असेल तर आधी कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, चालत लांब जायचं, आणि मग कॅमेरा आणायला तेवढंच चालत परत यायचं. पोटात अन्न नाही आणि प्रत्येक वाट तीनदा चालायची. मला हे इतकं जवळचं वाटलं, की काय सांगू. आम्हीही आयुष्यभर तेच केलं. गच्चीवर जाऊन डिश बोटभर फिरवायची, चार जिने उतरून चित्र बघायचं, पुन्हा वर. त्याच्या कार्यक्रमात बऱ्याचदा काहीच घडत नाही. आग पेटत नाही, मासा लागत नाही, तो बसून माउथ ऑर्गन वाजवतो. पण आज लावला तरी बघवतो, कारण आग पेटेल की नाही हे त्यालाच माहीत नसतं.

आगीवरून एक सांगायचंच आहे. माझ्याकडे लाइनवर काम करणारा मुलगा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. त्याची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशकात आली, तीन रात्री आमच्याकडे होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं टीव्ही बघायची. एका रात्री पडद्यावर असाच कुणीतरी काठीवर काठी घासत होता. दहा मिनिटं झाली, घाम निघाला, धूर यायचा आणि जायचा. मावशींनी आधी पोराकडे बघितलं, मग मला विचारलं, 'याच्या घरचा विस्तव विझला काय?'

मी म्हटलं, मावशी, तो जंगलात आहे, घर नाही.

त्या म्हणाल्या, 'विस्तव कशाला विझू द्यायचा?' मग हातानं करून दाखवलं. निजायच्या आधी चुलीतलं एक जाड लाकूड मागे ओढायचं, निखारा राखेत पुरायचा, वरून राख सारखी करून हात फिरवायचा, बाळाला पांघरूण घालतात तसा. सकाळी राख सारली की लाल डोळा उघडतो. विझलाच कधी, तर खापरीत शेजारणीकडून आणायचा. लग्न होऊन आल्यापासून एकदाही पहिल्यापासून आग पेटवावी लागली नाही, असं त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की पडद्यावरच्या माणसाची मला कीव आली. नंतर त्यानं कसलासा किडा तोंडात टाकला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'याला कुणी जेवायला नाही बोलवत?'

त्या रात्रीनंतर मला हे कार्यक्रम पहिल्यासारखे बघता आले नाहीत. त्यांत जंगल म्हणजे शत्रू, आणि एकटा माणूस त्यातून निसटतो. निसटून झालं की बघायला उरतं काय? रानात राहणारा माणूस निसटत नाही, तो पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यात करतो. इंग्लंडचा रे मिअर्स थोडाफार असं दाखवायचा, शांतपणे लाकूड तासत बसायचा, तिथल्या लोकांना विचारून शिकायचा. आमच्या पोरांनी त्याला कधी फोन केला नाही, हेही कबूल करतो.

शिळं न होण्याचा दुसरा रस्ता अमेरिकेच्या हिस्टरी चॅनलनं २०१५ मध्ये काढला. 'अलोन'. दहा जण, प्रत्येकाला फक्त दहा वस्तू निवडायची मुभा, प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी एकटा. बाकीचे किती उरलेत हे कुणालाच कळत नाही. सहन झालं नाही की सॅटेलाइट फोनवरून कळवायचं आणि घरी जायचं. शेवटी उरेल त्याला पाच लाख डॉलर. पहिल्या पर्वाची जागा कॅनडाचं व्हँकूव्हर बेट. तिथे एक जण अस्वलांच्या धाकानं पहिल्याच रात्रीनंतर परतला आणि जिंकणारा ५६ दिवस टिकला. यात कोरी पाटी नाही. आज मासा मिळाला नाही तर तो परवाही अंगावर दिसतो. महिन्याभरानं गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. आणि भुकेनं हरतात त्यांच्याइतकेच घरच्यांच्या आठवणीनं हरतात. आठ वर्षांच्या पोराला हे कंटाळवाणं वाटेल. घराचे हप्ते भरणाऱ्या बापाला नाही वाटणार. म्हणून वयाचं विचाराल तर वय झालंच आहे, पण त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. 'अलोन' लावून बघा.

आणि मुलगा मोबाइल घेऊन आत गेला, तर तिथे तो काय बघतो ते एकदा डोकावून बघा. माझा भाचा रात्री एकपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाला बघतो. उघडा, हाफ पँटवर, एक शब्द बोलत नाही, माती तुडवतो, विटा भाजतो, झोपडी शाकारतो. उडी नाही, अळी नाही, संगीतसुद्धा नाही. भाच्याला विचारलं, यात काय आहे रे? तर म्हणाला, 'मामा, गप्प बसा, कौलं सुटतायत.'

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. असे कार्यक्रम बघून तिनं ठरवलंय, की हरिहर गडावर चाकू आणि काडेपेटी घेऊन एक रात्र 'जगून दाखवायचं'. नाही म्हटलं तर रुसते. काय करू?
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : ताई, रविवारी न्या. खडकात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर वरचे उतरेपर्यंत खालचे थांबलेत, अशी रांग बघितली की निम्मं खूळ तिथेच उतरेल.

उरलेल्या निम्म्याचं मात्र चीज करा. टीव्हीवर मगरी आणि अस्वलं असतात, आपल्या गडांवर आग्या मोहोळ असतं. धूर, भडक अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठतं, म्हणून काडेपेटी घरीच ठेवा. उन्हाळ्यात माणसागणिक किमान तीन लिटर पाणी घरून न्या. कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे, हे पायथ्याच्या गावात विचारायचं, आणि विचारण्याचं काम तिला द्या. हेच खरं जंगलातलं कौशल्य. साप चावला तर पडद्यावरच्यासारखं कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचंही नाही. हातपाय हलू न देता सरळ दवाखाना. चाकू न्यायला हरकत नाही, काकडी कापायला लागतो.

प्रश्न : नातू 'अलोन' नावाचं काहीतरी दाखवतो आणि म्हणतो, आजी, हा माणूस तिथे एकटाच आहे. मी म्हटलं, मग कॅमेरा कोण धरतं, तुझा बाप? आमची दहा रुपयांची पैज लागली आहे. खरं काय ते छापा.
— एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, कॅमेरे त्यालाच दिलेले असतात आणि ते चालवायलाही आधी शिकवतात. दिवसभर लाकडं तोडायची, मासे धरायचे आणि ते स्वतःच टिपायचं, अशी अटच असते. मधूनमधून डॉक्टर येऊन वजन बघून जातात, फार उतरलं तर घरी पाठवतात. तेवढं सोडलं तर तिथे कुणी नसतं. दहा रुपये काढून ठेवा.