शिवराईचा ऑनलाइन लिलाव आणि पंचवीस दिवसांचा उशीर

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो असून सांगली जिल्ह्यात राहतो. समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून आजोबांच्या वेळच्या काही शिवराई आणि राणीछाप चांदीचे रुपये मी एका ऑनलाइन लिलावात ठेवले. 6 लाख 40 हजारांची बोली लागल्याचे मला कळवण्यात आले. त्यानंतर नोंदणीचे 2,100, विम्याचे 14,800, जीएसटीचे 31,500 आणि टीडीएसचे 48,000 असे एकूण 96,400 रुपये मी भरले. पहिल्या तीन रकमा यूपीआयने आणि शेवटची बँकेच्या शाखेत जाऊन. बोलीचे पैसे आलेच नाहीत; नाणी अजून माझ्याकडेच आहेत. शंका आली त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकांना तोंडी सांगितले, त्याला आज पंचवीस दिवस झाले. बँक जबाबदारी नाकारते. तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जावे काय? ‘पुरातन नाणी विकल्याबद्दल अटक होईल’ असे फोन येत आहेत, त्याचे काय करावे? दहा टक्के आगाऊ घेऊन पैसे सोडवून देतो, असे एक गृहस्थ म्हणत आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवावा काय?

उत्तर : नाणी आणि रकमा बदलून हेच पत्र माझ्याकडे वारंवार येते, त्यामुळे फसवणूक झाली की नाही याची चर्चा मी करीत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : तुम्ही लेखी तक्रार कोणत्या तारखेला आणि कोणाकडे केली. तुमच्या पत्रावरून दिसते की ती तुम्ही आजपर्यंत कोणाकडेच केलेली नाही.

प्रथम बँकेविषयी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा आधार बहुतेक वाचक घेतात आणि ‘तीन दिवसांत कळवले की पैसे परत’ एवढेच त्यातले लक्षात ठेवतात. त्या परिपत्रकाचा सारा भार ‘अनधिकृत व्यवहार’ या दोन शब्दांवर आहे. तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले असते, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यावर तुमची जबाबदारी शून्य ठरली असती. तुम्ही मात्र तीन वेळा स्वतःच्या हाताने पिन टाकला आणि चौथ्या वेळी शाखेत जाऊन अर्जावर सही केली. संमती फसवून घेतली गेली हे खरे असले, तरी बँकेला दिलेला आदेश तुमचाच होता, आणि बँक हाच बचाव घेईल. शेवटचा व्यवहार तुमच्या खात्याच्या नेहमीच्या उलाढालीशी विसंगत होता व तरीही शाखेने विचारपूस केली नाही, असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेल याची हमी मी देऊ शकत नाही. या विषयावर आज लागू असलेल्या सूचना आणि तुमचा दावा नाकारण्याचे कारण बँकेकडून लेखी मागवा. लेखी तक्रारीनंतर तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

बँकेकडून भरपाई मिळणे इतके अवघड असल्यामुळेच पैसे ज्या खात्यात गेले तेथेच ते अडवणे, हा खरा मार्ग होता. 1930 ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तेथे व्यवहार क्रमांक दिला की ज्या खात्यात रक्कम पोहोचली असेल त्याच्या बँकेला ती रोखून धरण्याची सूचना जाते. परंतु अशी खाती भाड्याने घेतलेली असतात आणि रक्कम काही तासांत एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाऊन एटीएममधून बाहेर पडते. संशय आला त्याच दिवशी फोन केला असता, तर निदान शेवटचे 48,000 रुपये सापडण्याची आशा होती. व्यवस्थापकांना तोंडी सांगण्याने यातले काहीच घडत नाही. चाळीस वर्षे सरकारी कागदपत्रांशी संबंध आलेली माणसेसुद्धा पोच न घेता बँकेतून परततात, याचा मला खेद वाटतो. कारण तक्रार केली होती एवढेही मग सिद्ध करता येत नाही.

तरीही आजच 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. साखळीतील एखाद्या खात्यात काही रक्कम आधीच गोठवलेली असण्याची शक्यता असते, कारण त्याच खात्याने इतरांनाही फसवलेले असते. तशी रक्कम निघाली, तर ती मिळवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल, आणि त्या अर्जात तुमचा तक्रार क्रमांक नसेल तर तुमचा हक्क दाखवणार कशाच्या आधारावर? पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेची कलमे 318(4) व 319(2) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66डी यांखाली फिर्याद द्या. ‘आरोपी परराज्यातला आहे, हद्द आमची नाही’ असे सांगितले गेले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोठे घडला याचा विचार न करता माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे लेखी दाखवून द्या. तरीही नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा.

संभाषणे पुसू नका आणि फोन बदलू नका. ‘लाज वाटली म्हणून सगळे डिलीट केले’ हे वाक्य मी इतक्या पक्षकारांकडून ऐकले आहे की आता पहिल्या भेटीत तेच विचारतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ नोंद हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते.

ग्राहक आयोगात जाता येते, परंतु कोणाविरुद्ध? लिलाव कंपनीचा पत्ता खोटा असेल, तर नोटीस बजावलीच जाणार नाही. बँकेविरुद्धची तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत करता येईल; तथापि ती लोकपालाच्या निर्णयानंतर करावी, असे माझे मत आहे. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे 2019 चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि सत्तरीतल्या तक्रारदाराला दर वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटा घालावा लागतो, हे पाहून संताप येतो. पण हा विलंब गृहीत धरूनच सल्ला द्यावा लागतो.

अटकेच्या फोनला उत्तर देऊ नका. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते, पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही, एवढे खरे आहे. वारशाने आलेली नाणी एकदा विक्रीस ठेवणे म्हणजे व्यवसाय, असे सामान्यतः म्हणता येणार नाही, आणि तुमची नाणी तर अजून तुमच्याच कपाटात आहेत. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

जे वाचक अजून या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी एक निकष पुरेसा आहे. खऱ्या लिलावात विक्रेता आधी पैसे भरत नाही. लिलावगृह आपले कमिशन विक्रीच्या रकमेतून वळते करते, आणि टीडीएस तर पैसे देणाराच कापतो, घेणाऱ्याने तो आगाऊ भरायचा नसतो. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केले आहे की जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती शुल्क घेत नाही. तुम्हाला आलेल्या पावतीवर तिचे बोधचिन्ह आहे म्हणून हे सांगितले. दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेषांच्या, शिवराई संग्राहकांकडे मुबलक आहेत; त्यांना लाखांची बोली लागते तेव्हाच एखाद्या जाणकार नाणेसंग्राहकाला विचारायला हवे होते.

खरेदीदारांची स्थिती थोडी बरी आहे. विक्रेत्याने स्वतःच्याच माणसांकडून खोट्या बोली लावून भाव चढवला असेल, तर वस्तुविक्री कायद्याच्या कलम 64 नुसार विक्री रद्द ठरवण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो. हे सिद्ध करण्यासाठी बोलींची नोंद लागते, आणि ती संकेतस्थळाकडेच असते. म्हणून ‘संकेतस्थळ सोडून थेट व्यवहार करू, स्वस्तात देतो’ असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

दहा टक्के आगाऊ मागणारे गृहस्थ बहुधा त्याच टोळीतले आहेत, कारण तुमचे नाव आणि बुडालेली रक्कम त्यांना दुसरे कोण सांगणार? त्यांचा क्रमांकही फिर्यादीत लिहा. वकिलाची फी परवडत नसेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. पात्रतेत बसत असाल, तर मोफत वकील मिळेल. मात्र तो अर्ज उद्या केला तरी चालेल, 1930 वरचा फोन आजच करा.