मुलगा हॉटेल मॅनेजमेंटला आहे, ‘नाही जमत’ म्हणतो. घरच्यांनी मदत कुठे मागावी?

काटोलच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगा नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे, रूम करून राहतो, पायांना फोड आलेत. दिवाळीला घरी आला तेव्हा ‘नाही जमत’ एवढंच म्हणाला. कॉलेजकडून काही मदत मिळते का, आणि आम्ही काय करावं?

भाऊ, मी नागपुरातल्याच एका कॉलेजात अकरा वर्षांपासून किचनचं प्रॅक्टिकल घेते. आधी पायांचं बोलते, कारण ‘नाही जमत’ची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. पोरं ओल्या लादीवर चार-चार तास उभी असतात. पहिल्याच महिन्यात सुऱ्यांचा संच, शेफकोट, एप्रन, टोपी, जर्नल असा खर्च झालेला असतो. घरी आणखी पैसे मागायचा संकोच वाटतो, म्हणून सेफ्टी शूज मिळतील ते स्वस्तातले घेतात. बाकी कशातही काटकसर करा, बुटांत करू नका. बूट संध्याकाळी घालून बघून घ्या, कारण दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजलेले असतात. सुती मोज्यांचे तीन-चार जोड द्या. फोड चिघळले असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि हात भाजला तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काहीच लावायचं नाही. हे त्याच्या आईलाही सांगून ठेवा, फोनवर पहिला उपाय तीच सांगणार.

आता पैशांचं. तुमचा मुलगा सरकारच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आला की संस्थेच्या कोट्यातून, हे आधी तपासा, कारण शिष्यवृत्तीचं बरंचसं गणित त्यावर ठरतं. कॅपमधून प्रवेश असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. तुम्ही अल्पभूधारक असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघा. अनुसूचित जातीच्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर स्वाधार योजना आहे. नागपूर शहरात ती जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये देते. चौकशी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात करा. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयं आणि ओबीसींसाठी आधार नावाची योजना आहे. मुलाचं बँक खातं आधार कार्डाशी जोडलेलं हवं आणि अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. दुसऱ्या वर्षी ‘मागच्या वेळी भरला होता’ म्हणून गप्प राहिलेली किती लेकरं मी पाहिलीत, त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

कॉलेजात कोणाला भेटायचं? प्राचार्यांच्या केबिनमध्ये सरळ जाऊ नका. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक गटाला एक पालक-शिक्षक, म्हणजे त्या मुलांकडे लक्ष ठेवणारा शिक्षक नेमलेला असतो, त्याचं नाव मुलाला विचारा. मुलाला ते माहीतच नसेल, तर ते का माहीत नाही हा प्रश्न कॉलेजला विचारा, तुम्हाला तो हक्क आहे. सिनिअर मुलं भांडी घासायला लावतात, पैसे मागतात, रात्री रूमवर बोलावतात, असं काही असेल तर १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मुलाबरोबर तुमचीही सही घेतलेली असते, आठवून बघा.

पण माझी खरी काळजी पहिल्या वर्षाची नाही. ती पुढे येणाऱ्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगची आहे, जेव्हा मुलगा काही महिने हॉटेलात असतो आणि कॉलेजचं लक्ष सुटतं. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात गेला. चौदा-चौदा तासांची ड्युटी, ब्रेक शिफ्ट म्हणजे मध्ये काही तास सोडून परत कामावर, एका खोलीत सहाजण, आठवड्याची सुटी कागदावरच. तो एक दिवस बॅग घेऊन घरी निघून आला. आम्हाला हे कळलं अकरा दिवसांनी. त्या अकरा दिवसांत आमच्यापैकी कोणीही त्याला फोन केला नव्हता. मुलगा हुशार होता, हातात चव होती, तरी परत आलाच नाही. तेव्हापासून मी दर रविवारी ट्रेनिंगवरच्या मुलांना फोन करते आणि दोन गोष्टी विचारते: काल किती वाजता झोपलास, आणि आठवड्याची सुटी कधी मिळाली.

म्हणून ट्रेनिंगला पाठवण्याआधी कॉलेजकडून पत्राची प्रत मागून घ्या. त्यात हॉटेलचं नाव, मुदत, राहण्या-जेवणाची सोय, सुटी, मिळणारा स्टायपेंड आणि अडचण आली तर कोणाशी बोलायचं ते लिहिलेलं हवं. मुलगी असेल तर हेही लक्षात असू द्या की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, तक्रार हॉटेलच्या अंतर्गत समितीकडे करता येते.

मुलगा गप्प-गप्प राहत असेल, जेवत नसेल, झोपत नसेल तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःही त्यावर बोलू शकता. प्रत्यक्ष दाखवायचं तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत न्या.

आणि एक विचारते, राग मानू नका. घरी कोणी ‘शिकून शेवटी आचारीच होणार ना’ असं म्हणतं का? मुलं ते विसरत नाहीत. माझ्या वर्गातली पोरं सगळ्यात जास्त कशावर रडली असतील तर या वाक्यावर. तुम्ही स्वतः असं म्हणत नसाल, तर मुलासमोर तसं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

पुढच्या आठवड्यात एक दिवस काढून नागपूरला या. पालक-शिक्षकांना आदल्या दिवशी फोन करा आणि प्रॅक्टिकल चालू असताना दारातून बघू द्याल का विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. सकाळच्या एसटीने निघालात तर आरामात पोहोचाल. नंतर मुलाने केलेलं काही खायला मिळालं तर खा, आणि कसं केलंस ते त्याच्याकडून ऐका.