तिमिंगलाच्या मानेवरचा हरवणारा तारा

प्रश्न : डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास तिमिंगल (देवमासा) हा तारकासमूह शोधला, पण नकाशात त्याच्या मानेवर दाखवलेला मीरा हा तारा काही केल्या सापडला नाही. नकाशा चुकीचा असेल का? शिवाय शर्मिष्ठा-देवयानी या तारकासमूहांच्या आसपास हा देवमासा आला कोठून?

उत्तर : नकाशा बरोबर आहे. मीरा हा रूपविकारी, म्हणजे तेजस्विता बदलणारा तारा असून सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) साधारणपणे तीनवरून नवाच्या आसपास उतरते आणि पुन्हा चढते. त्यामुळे बराच काळ तो नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरच असतो. १५९६च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फॅब्रिशियस या जर्मन धर्मोपदेशकाने त्याची नोंद केली आणि पुढे तो दिसेनासा झाल्यावर त्याला नवतारा, म्हणजे अचानक उजळून विझणारा तारा मानले. १६०३ साली योहान बायर या जर्मन नकाशाकाराने आपल्या ताऱ्यांच्या नकाशात त्याला ओमिक्रॉन हे ग्रीक अक्षर दिले, तेही हाच तो हरवलेला तारा आहे हे न ओळखता! त्याचे हे दिसणे-लपणे नियमित आहे, हे १६३८ साली योहानेस होलवार्डा या डच खगोलशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

आयुष्याच्या उतरणीला लागलेला हा तांबडा राक्षसी तारा फुगतो व आकसतो, आणि त्याचे तापमान उतरले की त्याच्या वातावरणातील टायटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू दृश्य प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेतात. त्याची बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर पडत असल्याने एकूण ऊर्जेतील फरक बेताचाच असतो. आपल्या डोळ्यांना मात्र तो शेकडो पटींनी मंदावलेला दिसतो. प्रत्येक आवर्तनाची कमाल तेजस्विता सारखी नसते. १७७९ साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला तो जवळजवळ रोहिणीइतका ठळक दिसला होता.

देवमाशाचे मूळ ग्रीक कथेत आहे. राणी कॅसिओपियाच्या गर्वोक्तीने चिडलेल्या समुद्रदेवाने एक जलराक्षस पाठवला, त्याला बळी म्हणून राजकन्या अँड्रोमेडा खडकाला बांधली गेली आणि पर्सियसने तिला सोडवले. आपल्याकडे या पात्रांच्या जागी शर्मिष्ठा, देवयानी व ययाती आले. परंतु महाभारतातील त्यांच्या कथेत असा राक्षस नसल्याने तिमिंगल एकटाच उरला. जुन्या युरोपीय चित्रांत तर त्याला पुढचे पायही आहेत, म्हणजे तो देवमासा कमी आणि राक्षसच अधिक!

ओळख पटवण्यासाठी उत्तराभाद्रपदेचे दोन तारे जोडून ती रेषा दक्षिणेकडे वाढवावी, म्हणजे शेपटीकडील डिफ्डा हा समूहातील सर्वांत ठळक तारा सापडतो. डोक्याकडील मेनकार कृत्तिकांच्या नैर्ऋत्येला आहे, आणि मीराची जागा मेनकारकडून डिफ्डाकडे जाताना सुमारे एक तृतीयांश अंतरावर येते. मीराचे आवर्तन वर्षापेक्षा महिनाभराने लहान असल्याने त्याची तेजस्वी अवस्था दर वर्षी साधारण महिनाभर आधी येते, आणि ती एप्रिलच्या आसपास पडली तर तारा सूर्याच्या दिशेला असल्याने दिसतच नाही. तेव्हा आधी त्या वर्षीच्या कमाल तेजस्वितेचा अंदाज पाहावा. तारा मंद असताना शोधायचाच असेल, तर द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण) आणि बारीक ताऱ्यांचा तपशीलवार नकाशा जवळ ठेवावा.