हृदयातल्या झडपा कोण उघडतं-बंद करतं? रक्त उलटं का येत नाही?

कोणीच नाही, सगळा खेळ प्रेशरचा आहे. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार समजा, मागून दाब वाढला की उघडते आणि पुढचा दाब जास्त झाला की आपोआप मिटते. एकूण चार झडपा. खालचा डावा कप्पा आकसला की मायट्रल (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) बंद होते, मग दाब अजून वाढला की एओर्टिक (महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप) उघडते आणि साधारण ७० मिली रक्त महाधमनीत जातं, मिनिटाला ७०-७२ ठोके धरले तर ५ लिटर, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त एका मिनिटात फिरून येतं! डॉक्टर स्टेथोस्कोपने जे लब-डब ऐकतात तो या झडपा मिटण्याचा आवाज. मायट्रल आणि ट्रायकस्पिडला (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) खालून बारीक चिवट दोऱ्या असतात, त्यामुळे एवढ्या दाबातही या झडपा उलट्या वर फिरत नाहीत, मला तर हीच रचना सगळ्यात भारी वाटते.

आणि प्लीज, लहान मुलांचा घसा सारखा दुखत असेल, ताप येत असेल तर अंगावर काढू नका, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचं इन्फेक्शन असेल आणि उपचार झाले नाहीत तर संधिवाताचा ताप येऊन हीच मायट्रल झडप कायमची खराब होऊ शकते, आणि अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला तर हे टाळता येतं.