अमेरिकन फुटबॉलमध्ये (NFL) नव्या क्वार्टरबॅककडून (बॉल फेकणारा मुख्य गडी) पहिल्याच सीझनला प्लेऑफची (शेवटच्या बाद फेरीची) अपेक्षा ठेवणं चूक आहे का?

ठेवा की, अपेक्षेला कुठे पैसे पडतात! फक्त डिसेंबरात त्या पोराच्या नावाने शिमगा करू नका.

मी शिकागोजवळ राहतो, त्यामुळे बेअर्स टीमवाला. माझा साडू व्हर्जिनियात, म्हणून वॉशिंग्टनवाला. 2024 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आमच्याकडे आला, दुसरा जेडन डॅनियल्स त्यांच्याकडे गेला. घरातल्या भांडणाची सोय लीगनेच करून दिली. त्या ऑक्टोबरात दोन्ही टीम समोरासमोर आल्या. आम्ही 15-12 ने पुढे, शेवटचा प्ले. डॅनियल्सने देवाचं नाव घेऊन बॉल उंच भिरकावला, तो आमच्याच गड्याच्या हाताला लागून मागे नोआ ब्राउनच्या हातात पडला. 18-15. लगेच माझा फोन वाजला. मी उचलला नाही, तर बायकोचा वाजला.

थँक्सगिव्हिंगला ती मंडळी आमच्याकडे होती. मॅच डेट्रॉइटला, हाफटाइमला आम्ही 16-0 मागे. साडू खुशीत. दुसऱ्या हाफमध्ये केलेबने तीन टचडाउन (थेट पॉइंट मिळवून देणारे पास) फेकले आणि फरक 23-20 असा तीनवर आणला. मसालेभात वाढून ठेवलेला, पण टीव्हीसमोरून कुणी हलेना. अर्धा मिनिट उरलेलं असताना केलेब सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच आडवा पाडला गेला. घड्याळ थांबवायला हातात एक टाइमआउट शिल्लक, पण कोच ढिम्म. घड्याळ पळतंय, पोरं धावपळ करून लाइनवर उभी राहतायत, सहा सेकंद उरल्यावर स्नॅप (खेळ सुरू), लांब फेकलेला बॉल जमिनीवर. मॅच खलास. साडू पानावर बसत म्हणाला, "तुमच्या पोराचं डोकंच चालत नाही." दुसऱ्या दिवशी बेअर्सने हेड कोचलाच काढलं. सीझनच्या मध्यात हेड कोचची हकालपट्टी करण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. बातमी आली तेव्हा साडू आमच्याच किचनमध्ये चहा घेत होता. "तरीपण," म्हणाला.

आता आकडे बघा. पहिल्या सीझनला केलेब 68 वेळा सॅक झाला. कुठल्याही रुकीने (पहिल्या वर्षाच्या खेळाडूने) याहून जास्त मार खाल्लाय तो एकदाच, 2002 मध्ये डेव्हिड कारने, 76 वेळा. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (आक्रमण आखणाऱ्या कोचला) तर हेड कोचच्याही आधी नारळ दिलेला. एवढं सगळं होऊन पासचे 3,541 यार्ड, 20 टचडाउन आणि इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) फक्त सहा. नंतर दिग्गज ठरलेल्या पेटन मॅनिंगने 1998 मध्ये रुकी म्हणून 28 इंटरसेप्शन दिले होते. त्याची टीम 3-13 वर (तीन विजय, तेरा पराभव) आटोपली आणि पुढच्याच वर्षी 13-3 झाली. त्यामुळे पहिल्या वर्षी जिंकल्या-हरल्याचा हिशोब मांडण्यापेक्षा त्याला वाचवणारी आपलीच लाइन त्याला उभं राहू देते का आणि कोच तोच टिकतो का, तेवढं बघा. आमच्याकडे 2025 ला नवा हेड कोच बेन जॉन्सन आला, लाइनमध्ये नवे गडी आले, सॅक निम्म्याहून कमी झाले आणि 11-6 ने डिव्हिजन (आमचा चार टीमचा गट) जिंकली. पोरगा तोच होता.

हां, सी. जे. स्ट्राउड पहिल्याच वर्षी ह्यूस्टनला प्लेऑफमध्ये घेऊन गेला, डॅनियल्स तर कॉन्फरन्स फायनलपर्यंत (सुपर बोलच्या एक पायरी आधी) पोचला, हे मान्य. म्हणजे अपेक्षा अगदीच वेडगळ नाही. केलेबही बॉल फार वेळ धरून ठेवतो, काही सॅक त्याने स्वतःहून ओढवून घेतले. आणि टाइमआउट खेळाडूलाही मागता येतो. पण तेवीस वर्षांच्या रुकीने हेड कोचच्या वरताण निर्णय घ्यावा अशी अपेक्षा कोण ठेवतं? आमचा साडू ठेवतो.

तुमच्या टीमचं काय होईल ते लाइन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तुम्ही टीमचं नावही दिलेलं नाही. पण शेजारच्या टीमच्या पोराशी तुलना करणारा कुणी घरात असेल, तर त्याच्यासोबत मॅच बघू नका. 2025 मध्ये वॉशिंग्टन 5-12 झालं. साडू म्हणतो, डॅनियल्स दुखापतीने बाहेर होता, त्याला कशाला धरता? बरोबर आहे, नाहीच धरत. मग 68 वेळा आडवा झालेल्या पोरालाही तोच न्याय लावा की! हे उत्तर मी फॅमिली ग्रुपवरही टाकतोय.