सिगारेट केबिनमध्ये, धूर सगळ्यांना

प्रश्न : मी रावपुऱ्यातल्या एका पेढीवर हिशेब लिहिते. हॉल एक, एसी एक, खिडक्या बंद. शेठजींचे भागीदार केबिनचं दार उघडं टाकून सिगारेट ओढतात. मला दमा आहे. बोलले तर म्हणाले, "हे आमचं खासगी ऑफिस आहे, बसस्टँड नाही." त्यांचा मुलगा ई-सिगारेट ओढतो आणि 'नुसती वाफ आहे' म्हणतो. नोकरी सोडू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, नोकरी तुम्ही का सोडायची? चूक त्यांची आहे.

2003 च्या तंबाखू कायद्याचे धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू आहेत. त्यांत कामाची जागाही सार्वजनिकच धरली आहे; ती खासगी मालकीची असली तरी, आणि केबिनसुद्धा त्यातच आली. सवलत फक्त विमानतळांना, किमान 30 खोल्यांच्या हॉटेलांना आणि किमान 30 आसनांच्या रेस्टॉरंटांना. तीही वेगळ्या खोलीपुरती : चारी भिंती छतापर्यंत, दार आपोआप बंद होणारं, धूर थेट बाहेर. पेढीला ती मुळीच नाही.

दंड 200 रुपयांपर्यंतच, म्हणून लोक हसतात. मला त्याचा संताप येतो, कारण खरी मेख पुढे आहे. कोणाकडे तक्रार करायची, त्याचं नाव दारावरच्या फलकावर लिहावं लागतं. तक्रार येऊनही काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड जबाबदार माणसाला. टेबलावर ॲशट्रे ठेवणंही नियमाविरुद्ध. तो आधी उचलायला लावा.

"खिडकी उघडू, पंखा लावू" असं कोणी म्हणेल. मान्य करू नका. त्याने वास कमी होतो, धोका जात नाही. आणि दमेकऱ्याला थोडा धूरही पुरतो.

चिरंजीवांच्या 'वाफे'चं म्हणाल, तर 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद केलं आहे, त्यात निकोटिन असो वा नसो. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती मिळाली कुठून, हे वडिलांनीच त्याला विचारावं.

आता तोंडी बोलू नका. गुजरातीत साधा अर्ज लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, शेठजींना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तरीही ढिम्म राहिले, तर तीच प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. भागीदारांना सिगारेट सोडायची इच्छा असेल, तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत क्रमांक अर्जाखालीच लिहून ठेवा.